शोकाकुलाचा रकाना

इवागासेत निम्मं गाव किरिता आडनावाचं. ‘किरिता-सान’ म्हणून हाक मारली तर अख्खी गल्ली वळून बघते. म्हणून हारुएला सगळे नावानेच हाक मारायचे. मासळीबाजारात हारुए-सान, पोस्टात हारुए-सान, आणि ‘इवागासे वार्ता’च्या कचेरीत तर उठता-बसता हारुए-सान, कारण तिथे काहीही बिघडलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव तिचं. चहाचं यंत्र बंद पडलं तरी तिलाच हाक. “मी काय गावची वैदू आहे का?” असं पुटपुटत ती उठायची. पण उठायची मात्र नक्की.

‘वार्ता’ हे आमच्या गावचं वर्तमानपत्र. एके काळी कागदावर निघायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातच मासळी बांधून मिळायची. पुढे गावातली माणसं घटली, कागद परवडेना, आणि पेपर नुसता वेबसाइटवर उरला. संपादक कुनिमात्सु-सान, दोन बातमीदार आणि हारुए, एवढाच संसार. बातमीदार बातम्या आत टाकायचे, पण त्यांचं पान कसं बांधलं जातं ते एकट्या हारुएला ठाऊक.

पान बांधायचं म्हणजे साचा लागतो. ताइयाकीवाल्याकडे नाही का माशाच्या आकाराचा लोखंडी साचा असतो, पीठ ओता, दाबा, की गोड मासा तयार? तसंच ते. फरक इतकाच की हारुएच्या साच्याला अटी घालता यायच्या. फोटो असेल तर वर लाव, नसेल तर जागा सोडू नकोस. बातमी शिळी झाली की खाली ढकल. या अटी एकीत एक अशा गुंतलेल्या असायच्या की एक सोडवायला जावं तर दुसरी तीन ठिकाणी अडकायची. एखादा कंस बंद करायचा राहिला की सगळं पान पांढरं फटफटीत. मग कुनिमात्सु-सान मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “कंप्युटर बंद करून पुन्हा चालू करून बघू या का?”

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला,” हारुए मान न वळवता म्हणायची. “तुम्ही चहा घ्या. मी बघते.”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आली होती टायपिस्ट म्हणून. वेबसाइट आली तेव्हा ती बसवून देणारा माणूस एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेला, आणि बाकी सगळ्यांनी त्या पुस्तकावर चहाचे कप ठेवायला सुरुवात केली. हारुएने कप उचलले आणि पुस्तक उघडलं. वाचत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत ती शिकली. जिभेची तिखट, हाताची चोख. नवरा होता, तो ओसाकाला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. आई अंथरुणाला खिळल्यावर तिला उचलणं-धरणं हिनेच केलं. आई गेली तेव्हा निधनवार्तेतली नोंद हिनेच भरली, शोकाकुल म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, पान बांधलं, आणि मग डोळे पुसायला घरी गेली.

निधनवार्ता हे ‘वार्ता’चं खरं पोट. बाकीच्या बातम्या कुणी वाचो न वाचो, ते पान गाव रोज वाचायचं. आमचं गाव म्हातारं. सकाळी तोंड धुवायच्या आधी लोक ते पान उघडायचे. कोण गेलं, अंत्यविधी कुठे, शोकाकुल कोण, म्हणजे सांत्वनाच्या पैशाचं पाकीट घेऊन कुणाच्या दारी जायचं. गाव सोडून मुलांकडे राहायला गेलेले म्हातारेही शेकडो मैलांवरून तेच पान बघत. आपल्यातले किती उरले, ते मोजायला.

या पानाने एकदा मोठा घोळ घातला होता. साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, जुने व्यापारी मुराई आजोबा इस्पितळात अगदी आता जातात की मग जातात असे झाले होते. घरच्यांनी अंत्यविधीवाल्यांकडे जरा आगाऊ चौकशी करून ठेवली. तिथल्या कारकुनाने, कामाचा उरक दाखवायला, नाव-गाव-वय भरून अर्धी नोंद ‘वार्ता’कडे पाठवून दिली, आणि ती छापली गेली. सकाळी मुराईंच्या दारात काळे कपडे घातलेली माणसं रांगेने उभी. आणि आजोबा तर त्या दिवशी पेज पिऊन बरे होऊन बसले. त्यांनी स्वतःच्या फोनवर स्वतःची निधनवार्ता वाचली आणि ‘वार्ता’त फोन करून सांगितलं, “मेलो ते ठीक आहे, पण वय एक वर्षाने जास्त लावलंत.” कुनिमात्सु-सान मिठाईचा खोका घेऊन गेले आणि कपाळ चटईला टेकवून माफी मागून आले. आल्याबरोबर हारुएला म्हणाले, “काहीही कर, पण अर्धवट नोंद पुन्हा छापली जाता कामा नये.”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हारुएने विचार केला. नोंदीतला कुठला रकाना सगळ्यात शेवटी भरला जातो? शोकाकुलाचा. कारण पुढे कुणी उभं राहायचं, थोरल्याने की बायकोने, हे माणूस गेल्यावर घरात बसून ठरतं. तो रकाना भरला म्हणजे माणूस खरंच गेला आणि घरचेही एकमताने तसं म्हणतात. तिने साच्यात अट घातली: शोकाकुलाचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद वगळ. करून बघितलं. रिकामी नोंद गडप झाली, भरलेली दिसली. कुनिमात्सु-सान खूश झाले आणि त्या दिवशी सगळ्यांना ईल मासा खाऊ घातला. हुशारीचीच अट होती ती, मी आजही म्हणेन. त्यानंतर मुराईंसारखं कुणाचं झालं नाही. खुद्द मुराई आजोबाही पुढे यथावकाश गेले आणि व्यवस्थित छापले गेले.

मग एका नोव्हेंबरात, बाहेर गारठलेला पाऊस आणि बर्फ एकत्र पडत असताना, एक म्हातारा काठी टेकत कचेरीत आला. डावा पाय ओढत होता. टोपी काढून दारातच उभा राहिला.

“निधनवार्ता बघणारं माणूस कोण इथे?”

“मीच,” हारुए म्हणाली. “नोंद द्यायची आहे का, आजोबा? बसा आधी. भिजलात की.”

“द्यायची नाही. विचारायचंय.” तो बसला. “मी साकाकी. कारखान्यामागच्या गल्लीत राहायचो. मासळीच्या वड्या वाफवायचा कारखाना होता ना, तिथे होतो जन्मभर. आता साइतामाला असतो, मुलाकडे. मुलाला वाटतंय मी डोळ्याच्या दवाखान्यात गेलोय.”

“बरं,” हारुए म्हणाली आणि त्याच्यापुढे गरम चहा ठेवला.

त्याने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. “आमच्या गल्लीत ओरिहारा नुइ म्हणून एक बाई होती. समोरच्या घरात. कारखान्यात माझ्या शेजारच्या पाटावर. ती गेली म्हणतात. गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. मी सकाळी गल्लीत गेलो तर घरच नाही, नुसती खडी टाकलेली जागा. तांदळाच्या दुकानवालीने सांगितलं.” त्याने कप हातात फिरवला. “ती चुकीचं सांगत असेल. कारण तुमच्या पानावर आलं नाही. मी रोज बघतो. एक दिवस चुकवलेला नाही. इस्पितळात होतो तेव्हासुद्धा नर्सला बघायला लावायचो.”

असं बोलणारे लोक हारुएकडे अधूनमधून येत. नाव नजरेतून सुटलेलं असतं, आणि दोष पेपराला. ती म्हणाली, “एवढी नावं असतात, आजोबा. सुटतं एखादं.”

“दुसऱ्या कुणाचं सुटेल. तिचं सुटायचं नाही.”

मग त्याने, तिने न विचारताच, सगळं सांगितलं. म्हातारी माणसं सांगतात तसं, मधूनच सुरुवात करून. लग्न वगैरे काही नव्हतं. त्याची बायको लवकर गेली, नुइचं कधी झालंच नाही. कारखान्यातून सुटल्यावर ती जेवण रांधायची आणि तो मासे आणायचा, जेवून तो आपल्या घरी जायचा. इतकी वर्षं. गल्लीत लोक बोलून बोलून थकले. पुढे त्याला अर्धांगाचा झटका आला आणि मुलगा येऊन घेऊन गेला. निघताना नुइ दारात उभी होती. म्हणाली, “जातोस तर जा. फोन करू नकोस. रोज रोज निरोप घेणं मला नाही जमायचं.”

“भारी हट्टी,” साकाकी आजोबा म्हणाले. “नवीन वर्षाला मी फोन केलाच. नुसता वाजत राहिला. उचलला नाही. मी म्हटलं, रागात आहे. मग नंतर तो फोन लागेचना, असा नंबरच नाही म्हणायला लागला. मी म्हटलं, बघा, फोन काढूनच टाकला बयेने. काय तो राग. मग मी तुमचं पान बघायचो. वरून खाली सगळी नावं. तिचं नाही. म्हणजे आहे. रागात आहे, पण आहे. मग मी नाश्ता करायचो.”

कुनिमात्सु-सान तोवर हळूच येऊन मागे उभे राहिले होते. हारुएने आतल्या यादीत नाव शोधलं. लगेच सापडलं. ओरिहारा नुइ, वय एक्याऐंशी, पत्ता बरोबर. नोंद पालिकेच्या कल्याण खात्याने पाठवलेली. खाली एक ओळ होती: नातेवाईक नाहीत, ओळखणाऱ्यांनी अस्थींसाठी संपर्क साधावा. आणि नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे प्रकाशित.

“प्रकाशित दाखवतंय,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला.

त्या दिवसाचं पान उघडलं. नाव नाही. तिने पान नव्याने बांधलं. तरी नाही. तारखेत काही घोटाळा असेल म्हणून तारीख बघितली, ती ठीक. गल्लीच्या नावाने गट पडतात, त्यात चुकलं असेल म्हणून ते बघितलं. तेही ठीक. मग तिने नेहमीचा उपाय केला. साच्याच्या प्रत्येक टप्प्यावर ‘इथे’ असा शब्द घालून ठेवला, आणि पान बांधून बघितलं की नोंद कुठवर पोहोचते. पहिलं ‘इथे’ आलं. दुसरं आलं. नावाशी आलं, वयाशी आलं, पत्त्याशी आलं. मग पुढे काही आलं नाही.

जिथे थांबलं, तिथली ओळ तिने उघडली. शोकाकुल रिकामा असेल तर वगळ. त्या ओळीशेजारी, पुढच्या माणसाला कळावं म्हणून, शेरा लिहिलेला होता. ‘अर्धवट नोंद छापू नये.’ आणि त्याखाली तिचंच नाव.

हारुए त्या ओळीकडे बघत बसली. ज्याच्यामागे शोक करायला एकही माणूस नाही असा कुणी इवागासेत मरेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. आमच्याकडे वाईटातल्या वाईट माणसाला निदान एखादा पुतण्या तरी असायचा. पण गाव आता तसं राहिलं नव्हतं, आणि साचा मात्र निमूटपणे सांगितलेलं करत होता. पालिका एकेका बेवारस माणसाची नोंद पाठवायची, कुणी तरी ओळखीचं वाचेल आणि येईल म्हणून. आणि साचा नेमकी तीच नोंद गाळायचा. ज्यांना कुणी नव्हतं, नेमके तेच. तिने बाकीच्या नोंदी बघितल्या. नुइ एकटी नव्हती. हाताच्या बोटांवर मावणार नाहीत इतकी नावं हिरवा ठिपका लावून आत पडून होती.

“कागदाच्या दिवसांत असं नव्हतं,” कुनिमात्सु-सान हलक्या आवाजात म्हणाले. “ताडोकोरो छपाईचे खिळे जुळवायचा ना, तो रिकामी जागा दिसली की ‘शोकाकुल: गल्लीतले सर्व’ असं टाकायचा. आपल्या मनानेच. मी कधी विचारलंही नाही त्याला.” मग ते आणखी खाली वाकले. “यंत्रात बिघाड झाला म्हणून सांग. त्यांना काय कळतंय.”

“यंत्र धडधाकट आहे,” हारुए म्हणाली. ती खुर्ची मागे सारून उठली आणि म्हाताऱ्यासमोर जाऊन, हात मांड्यांवर ठेवून, कमरेतून पूर्ण वाकली. “साकाकी-सान, नाव आलं होतं. मी गाळलं. मी अशी अट घातली होती की ज्यांना शोक करायला कुणी नाही त्यांचं नाव छापायचं नाही. तसं म्हणायचं नव्हतं मला, पण लिहिलं तेच. चूक माझी आहे.”

म्हाताऱ्याने कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “म्हणजे गेली.”

“हो.”

“तिची हाडं कुठे आहेत?”

पालिकेने अग्नी दिला होता. कुणी नसलं तर तेच देतात, आणि अस्थी टेकडीवरच्या मंदिरात नेऊन ठेवतात. हारुएने फोन लावला. कल्याण खात्याच्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, “हो, मंदिरातच ठेवल्यात. पण कलश ठेवायची फळी भरली होती म्हणून मध्ये काहीतरी हलवाहलव झाली. मंदिराच्या काकूंना विचारा.”

“सगळी नकोत,” आजोबा म्हणाले. “एक असलं तरी चालेल. आईबापांच्या थडग्यात माझी जागा आहे, इथेच, समुद्राच्या बाजूला. मी मेल्यावर येणारच आहे तिथे. तिला आधी नेऊन ठेवतो. एकटी राहील थोडे दिवस, पण चालेल. सवय आहे तिला.”

हारुएने गाडीची किल्ली उचलली. कुनिमात्सु-सान कपाटातून मिठाईचा खोका काढायला लागले. त्यांच्या हाताला तीच एक सवय होती. “ठेवा तो,” हारुए म्हणाली. “मेला नव्हता त्याच्यासाठी खोका ठीक होता.”

टेकडीच्या रस्त्याने हारुएने गाडी हळूहळू चढवली. खिडकीच्या काचेवर बर्फ येऊन लगेच पाणी होत होतं. एकदा आजोबा म्हणाले, “अस्थी सावडायला कोण होतं हो? आमच्यात दोघं मिळून चॉपस्टिकने उचलतात. एकट्याने उचलत नाहीत.” हारुएला ते माहीत होतं. आईच्या वेळी शेजारची बाई तिच्याबरोबर उभी राहिली होती. ती म्हणाली, “स्मशानातली माणसं असतात ना, ती उचलतात.” आजोबांनी मान हलवली.

धर्मगुरू कुठल्याशा श्राद्धाला गेले होते. त्यांची बायको, सगळं गाव तिला मंदिराच्या काकू म्हणतं, बाहेर आली. नुइचं नाव ऐकल्यावर ती ओढून-ताणून हसली, सांगायला वाईट काही असलं की बायका हसतात तसं.

“पितरांच्या आठवड्यात केलं आम्ही ते,” ती म्हणाली. “याच सप्टेंबरात. फळीवर जागाच राहिली नव्हती. पालिकेकडून कागद आला, मग सगळ्यांच्या अस्थी मोठ्या दगडाखाली एकत्र घातल्या. मंत्र म्हणून, अगदी नीट. कलशातून ओततात ना त्या. मग वेगळ्या करता येत नाहीत.”

“एकसुद्धा?” आजोबांनी विचारलं.

“नाही हो. सगळ्यांच्या एकात एक होतात.” आणि मग, बिचारीला काय ठाऊक, ती म्हणाली, “वाट बघितली आम्ही. ‘वार्ता’त नोटीस दिली होती म्हणे. कुणी आलंच नाही.”

हारुए खाली बघत राहिली. तिला वाटलं, आता हा म्हातारा आपल्याकडे वळून काहीतरी बोलेल, आणि बोलावंच. पण तो वळला नाही.

दगड मंदिरामागे होता. साधाच, नावं नसलेला. कुणीतरी ठेवलेली शेवंती काळी पडली होती. आजोबा काठी बगलेत धरून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडायला गेले, पण डावा हात अर्ध्यावरच थांबला. हारुएने तो हाताने धरून उजव्याला लावून दिला. तसे ते उभे राहिले. टोपीवर बर्फ पडत होता.

काकू मागून छत्री घेऊन आली. तिला राहवलं नाही. म्हणाली, “असं बघा ना, आजोबा. तुम्हाला कळलं नाही म्हणून ती तुमच्यापुरती आणखी पावणेदोन वर्षं जगली. तेवढंच.”

“लोक म्हणतील तसं,” आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “पण नको होतं मला ते. ती त्या फळीवर बसून वाट बघत होती आणि मी तिकडे नाश्ता करत होतो. रोज. वर म्हणत होतो, किती तो राग.”

काकूने छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. हारुएला रडू आलं. ती रडणारी बाई नव्हती, आईच्या वेळीही चारचौघांत रडली नव्हती. आता मात्र तिने तोंड फिरवलंसुद्धा नाही. तिला नुइ दिसत होती, कधी न पाहिलेली, आणि त्याच वेळी स्वतःचीही नोंद दिसत होती. किरिता हारुए, वय अमुक, पत्ता बंदराच्या वर. आणि खाली शोकाकुलाचा रकाना. तो कोण भरणार होतं? तिच्याच साच्याने तिला गाळलं असतं.

कचेरीत परत आल्यावर तिने आधी ती अट काढली. जुनी पानं एकेक करून नव्याने बांधली आणि गाळलेली नावं आपापल्या दिवशी जाऊन बसली. शोकाकुलाच्या जागी काही नव्हतं, तरी नावं होती. नुइचंही फेब्रुवारीच्या पानावर आलं. तिने कंप्युटरचा पडदा आजोबांकडे वळवला.

“इथे नको,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“हे पान कोण बघतंय आता? आजच्या पानावर घाला. मला आज कळलं. आणि खाली माझं नाव लिहा.”

कुनिमात्सु-सान खोकले. “साकाकी-सान, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण गेल्या वर्षी गेलेलं माणूस आजच्या पानावर... आणि शोकाकुल म्हणजे नात्यातलं माणूस लागतं. रकान्यात नातं निवडावं लागतं. पती, मुलगा, सून, असं. हारुए-सान, तू सांग ना त्यांना.”

“त्या रकान्यातली नात्यांची यादी मीच घातलीय,” हारुए म्हणाली. “आणखी एक घालायला मला चहा थंड व्हायच्या आत जमेल. काय घालू, आजोबा? नातं काय लिहू?”

आजोबांनी विचार केला. खूपच विचार केला. बातमीदारांपैकी एक आत आला होता, तोही दारात थांबला.

“नातं काही नव्हतं,” ते शेवटी म्हणाले. “शेजार होता.”

हारुएने ‘शेजारी’ असा शब्द रकान्यात घातला. कुनिमात्सु-सान खिडकीशी जाऊन उभे राहिले, बाहेर बघत. मग तिकडूनच म्हणाले, “उद्या सकाळच्या पानावर घाल. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांग.”

संध्याकाळच्या गाडीने तिने त्यांना बसवून दिलं. स्टेशनवरच्या दुकानातून मासळीच्या वड्या घेऊन दिल्या. त्यांनी पुडा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, “या आमच्या कारखान्याच्या नव्हेत. हे लोक पीठ जास्त घालतात.” गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून बघत नव्हते, तो पुडाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हारुए कचेरीत आली तेव्हा फोन वाजत होता. पलीकडे टीव्हीचा आवाज होता, कुणी तरी मुलांना शाळेसाठी घाई करत होतं.

“साकाकी बोलतोय. आलंय.”

“हो, आजोबा. बरोबर आलंय का?”

“बरोबर आहे. नाव, वय, सगळं बरोबर. चष्मा लावला, वरून खाली बघत आलो रोजच्यासारखा. वरच्या तीन नावांत ओळखीचं कुणी नव्हतं. मग तिचं. खाली माझं.” टीव्ही कुणी तरी बारीक केला. “आता गेली ती. काल नुसतं लोकांनी सांगितलं होतं.”

“आजोबा,” हारुए म्हणाली.

“एक विचारू का?”

“विचारा ना.”

“उद्यापासून मी सकाळी काय बघू?”

सगळ्या बिघाडांची उत्तरं तिच्याकडून घ्यायची गावाला सवय होती. दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही. पलीकडे मुलं शाळेला निघाली, दार आपटलं, घर शांत झालं. ती तशीच फोन कानाला लावून उभी राहिली, ते ठेवेपर्यंत.